भट्टीचा पत्रा आणि रविवारचा ताप

पावसाळा सुरू झाला की आमच्या दवाखान्याच्या बाकावर थंडीतापाचे रोगी वाढू लागतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या या जंगलपट्ट्यात अंगाला हुडहुडी भरून ताप आला की घरातली आजीसुद्धा नाडी न बघता सांगते, "हिवताप हाय." बहुतेक वेळा आजीचा संशय योग्य दिशेनेच असतो. पण 'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' ही म्हण डॉक्टरांनाही लागू आहे. मी स्वतः असा कसा फसलो, ते आज सांगणार आहे. त्यानिमित्ताने एका वेगळ्याच विषयावर, म्हणजे घरच्या भट्टीसाठी लोखंडी पत्रा कोणता घ्यावा यावरही बोलू. आरोग्याच्या सदरात पत्र्याचे काय काम, असे वाचकांना वाटेल. शेवटपर्यंत वाचल्यावर तसे वाटणार नाही, असा माझा विश्वास आहे.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. माजरीतलाच एक चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा. त्याच्या लहानपणापासून मी त्याला ओळखतो. पुण्याच्या एका हॉटेलात दोन वर्षे स्वयंपाकघरात काम करून तो गावी परतला होता. आठवडाभर दुसरीकडे नोकरी आणि रविवारी सुट्टी. एका रविवारी रात्री नऊच्या सुमारास त्याची आई त्याला घेऊन आली. "डॉक्टरसाहेब, पोट्ट्याले पाहा ना जरा. दात वाजून राह्यले त्याचे."

ताप १०२ होता. थंडी, अंगदुखी, डोकेदुखी, कोरडा खोकला. मी रक्त तपासायला पाठवले आणि तापाची गोळी दिली. रक्तात हिवतापाचे जंतू सापडले नाहीत. मंगळवारी मुलगा ठणठणीत होऊन कामावर गेला. पुढच्या रविवारी रात्री पुन्हा तेच. पुन्हा तपासणी, पुन्हा जंतू नाहीत. तरी माझ्या मनातून हिवताप जाईना. कधीकधी जंतू पहिल्या तपासणीत सापडत नाहीत, हे माझ्या डोक्यात पक्के बसलेले.

तिसऱ्या रविवारी तो पुन्हा आला, तेव्हा मी त्याच्यापुढे पाण्याचा पेला धरला. एक घोट घेऊन त्याने तोंड वाकडे केले. "काका, पाणी गोडसर लागून राह्यलं. तोंडात पैसा धरल्यावानी वाटते."

तेव्हा कुठे मी त्याला तो प्रश्न विचारला, जो पहिल्याच रात्री विचारायला हवा होता. "बाबू, आज दिवसभर काय केलंस?"

"वेल्डिंग, काका. मागच्या अंगणात भट्टी बनवून राह्यलो. कोंबडी धुरावर शिजवायची, ते बार्बेक्यू-स्मोकर म्हणतात ना, ते. स्टेशनच्या रस्त्यावर गाडी लावायचा विचार हाय."

"आणि पत्रा कोणता घेतलास?"

"घरचाच. जुना कूलर मोडला ना आमचा, त्याचा."

हिवतापासारखा दिसणारा ताप

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. परसात चिंचेखाली ती अर्धवट भट्टी उभी होती. कूलरचा पत्रा म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा. त्याला कोणी जीआय पत्रा म्हणतात, कोणी जस्ती पत्रा. लोखंडाला पाण्याने गंज चढू नये म्हणून हा मुलामा असतो. आपल्या भागात उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे घराघरांत कूलर असतो आणि दर काही वर्षांनी एक जुना कूलर परसात पडून राहतो. असा फुकटचा पत्रा हाती असताना कोणाला दुकानात जावेसे वाटेल?

घोटाळा तिथेच होतो. जस्त ४२० अंश सेल्सियसच्या आसपास वितळते आणि ९०७ अंशांना उकळते. लोखंड वितळायला साधारण १५०० अंश लागतात. म्हणजे वेल्डिंग करताना लोखंड वितळण्याच्या कितीतरी आधी त्याच्यावरचे जस्त उकळून वाफ होऊन उडते. हवेत येताच त्या वाफेचा पांढराशुभ्र धूर होतो. हा धूर म्हणजे जस्ताच्या भस्माचे अतिसूक्ष्म कण. ते नाकातल्या केसांना आणि घशातल्या ओलाव्याला दाद देत नाहीत, थेट फुप्फुसाच्या टोकाच्या फुग्यांपर्यंत पोचतात. तिथे शरीराला वाटते की जंतूंचा हल्ला झाला. मग जंतूंशी लढताना शरीर जी रसायने रक्तात सोडते, तीच आताही सोडते. परिणाम म्हणजे थंडी, ताप, अंगदुखी. जंतू एकही नाही, पण ताप मात्र खरा.

वैद्यकात याला 'धातूच्या धुराचा ताप' म्हणतात. धूर फुप्फुसात गेल्यानंतर तो लगेच येत नाही. साधारण चार ते दहा तासांनी येतो. त्यामुळे दुपारी केलेल्या कामाचा आणि रात्री आलेल्या थंडीचा संबंध रोग्यालाही लागत नाही, डॉक्टरलाही लागत नाही. तोंडाला धातूची किंवा गोडसर चव येते, तहान लागते, कोरडा खोकला येतो. एक-दोन दिवसांत ताप आपोआप उतरतो. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. त्यामुळे पितळ ओतणाऱ्या कारागिरांना हा ताप फार पूर्वीपासून येत आला आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात त्याला चक्क 'पितळ ओतणाऱ्यांचा हिवताप' असेच नाव होते. म्हणजे फसणारा मी पहिला नाही. तेवढेच समाधान.

या तापाची आणखी एक गंमत आहे. रोज त्या धुरात काम करणाऱ्याच्या शरीराला दोन-तीन दिवसांत त्याची सवय होते आणि ताप येईनासा होतो. सुट्टीच्या दोन दिवसांत ती सवय मोडते आणि सोमवारी कामावर गेले की ताप पुन्हा येतो. म्हणून कारखान्यांत त्याला 'सोमवारचा ताप' असेही म्हणत. आमचा मुलगा फक्त रविवारी वेल्डिंग करायचा. त्याच्या शरीराला सवय लागायला वेळच मिळाला नाही, म्हणून त्याचा ताप दर रविवारी ताजा.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो. हे वाचून कोणी "मी वेल्डिंग केले, म्हणजे हा तोच ताप" असे स्वतःच ठरवू नये. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हिवताप आहे, आणि त्यातला मेंदूचा हिवताप जीव घेतो. थंडीताप आला की रक्त तपासलेच पाहिजे. फक्त तपासायला जाल तेव्हा दिवसभर काय काम केले, तेही सांगा.

धुराचा ताप दोन दिवसांत उतरला नाही, दम लागू लागला, छातीत आवळल्यासारखे झाले, तर तो साधा जस्ताचा प्रकार नव्हे. नट-बोल्ट आणि काही जुन्या जाळ्यांवर कॅडमियम नावाच्या धातूचा मुलामा असतो. त्याचा धूर सुरुवातीला असाच ताप आणतो आणि मग फुप्फुसे सुजवतो. त्याने माणसे दगावलेली आहेत. अशा वेळी घरी थांबू नका, मोठ्या रुग्णालयात जा.

खाणाऱ्याला काय होईल?

मुलाच्या आईने मला विचारले, "वेल्डिंग तं झालं आता. आता त्यातलं खाल्लं तं चालते ना?" प्रश्न योग्य होता. धुराच्या भट्टीत अन्न जिथे टांगतात किंवा ठेवतात, तिथली उष्णता साधारण ११० ते १२० अंश असते. एवढ्याने जस्त उडत नाही. पण त्याच भट्टीत जिथे जाळ असतो, तिथे निखाऱ्याशेजारचा पत्रा लाल होऊ शकतो आणि तिथला मुलामा जळून धुरात मिसळतो. तो धूर त्याच कोंबडीवरून जाणार आणि भट्टीशी उभ्या माणसाच्या नाकातही जाणार.

दुसरी गोष्ट आंबटाची. कोंबडीला आपण लिंबू आणि दही लावतो. आंबट पदार्थ जस्ताला खातो. जस्ताच्या बादलीत ताक किंवा लिंबाचे सरबत ठेवू नये असे जुनी माणसे सांगत, त्याचे कारण हेच. विरघळलेले जस्त पोटात गेले की मळमळ, उलट्या आणि पोटात कळा येतात. तेव्हा जाळाच्या पेटीलाही नको, अन्नाच्या जाळीलाही नको. जस्ताचा पत्रा भट्टीच्या कामाचाच नाही.

मग पत्रा कोणता?

दुकानात जाऊन 'काळा पत्रा' मागा. म्हणजे मुलामा नसलेला साधा पोलादी पत्रा. दुकानदार त्याला एमएस असेही म्हणतो. तो निळसर काळा दिसतो, हाताला किंचित तेल लागते आणि ठेवून दिला तर लाल गंज धरतो. जस्ताचा पत्रा राखाडी चमकदार असतो, त्यावर बर्फाच्या फुलांसारखी नक्षी दिसते आणि जुना झाला की त्यावर पांढरी भुकटी येते. लोहचुंबक दोन्हींना चिकटतो, त्यामुळे त्या परीक्षेवर जाऊ नका. लाल गंज दिसला तर घाबरू नका. गंज म्हणजे लोखंडाचेच भस्म. गंजक्या खिळ्याने धनुर्वात होतो तो गंजामुळे नव्हे, तर जखमेत माती-शेणातून शिरलेल्या जंतूंमुळे. मात्र पत्र्याची धार लागून जखम झाली तर धनुर्वाताची लस घ्यायला विसरू नका.

छपराचे रंगीत पत्रे घेऊ नका. त्यांच्यावर जस्त-ॲल्युमिनियमचा मुलामा आणि वर रंग असतो. जुने रंगवलेले दरवाजे आणि खिडक्यांचे पत्रेही नकोत. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून कमी असले पाहिजे, असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला. त्याआधीच्या रंगांत शिसे किती असेल याचा भरवसा नाही, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूचे शत्रू आहे.

जाडी किती घ्यावी? जाळाच्या पेटीला पाच-सहा मिलिमीटर आणि अन्नाच्या कोठीला तीन मिलिमीटर उत्तम. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि तीन मिलिमीटर जाड पत्र्याचे वजन सुमारे साडेतेवीस किलो भरते. दोनशे लिटरच्या पिंपाएवढी कोठी केली तर केवळ तिचे वजन ४९ किलोच्या घरात जाते. भाव किलोवर असतो, म्हणून लोक पातळ पत्र्याकडे वळतात. पण पातळ पत्रा लवकर तापतो आणि लवकर निवतो. मग जाळ कधी भडकतो, कधी गुदमरतो. गुदमरलेल्या जाळाचा धूर पिवळट, कडू आणि काजळीचा असतो. तोच पुढे अन्नावर बसतो. शिवाय पातळ पत्रा जाळाने वाकतो आणि फटी पडतात. जाडीचा पैसा वाया जात नाही, तो असा वसूल होतो.

पिंप, सिलिंडर आणि फ्रीजची जाळी

खाणींच्या गावात रिकामी पिंपे भंगारात सहज मिळतात. आडवे कापून पाय लावले की भट्टी तयार, असा बेत अनेक जण करतात. त्यात दोन धोके आहेत. पहिला कापण्याचा. रिकामे पिंप खरे तर रिकामे नसते. त्यात तेलाची किंवा रसायनाची वाफ भरलेली असते. गॅसकटर किंवा ग्राइंडरची एक ठिणगी पडली की झाकण तोफेच्या गोळ्यासारखे उडते. भरलेल्या पिंपापेक्षा रिकामे पिंप अधिक घातक, हे ध्यानात ठेवा. दुसरा धोका आत काय होते याचा. कीटकनाशक, ॲसिड, रंग पातळ करण्याचे द्रव असे काही असलेले पिंप कितीही धुतले, कितीही जाळले तरी अन्नाला वापरू नये. आत काय होते हे ठाऊक नसेल तर ते विषच होते असे समजून चालावे. खाद्यतेलाचे पिंप मिळाले तरी आतला रंगाचा थर मोकळ्या जागेत जाळून काढावा लागतो आणि तो धूर घ्यायचा नसतो.

स्वयंपाकाच्या गॅसचा जुना सिलिंडर कापण्याचा विचार तर स्वप्नातही करू नका. तो कंपनीच्या मालकीचा असतो आणि त्यात उरलेला थोडासा वायूही घात करायला पुरतो.

जाळी हा शेवटचा भाग, पण अन्न तिलाच चिकटते. मुलाने जुन्या फ्रीजचे कप्पे जाळीसाठी ठेवले होते. मी ते बाजूला काढायला लावले. जुन्या फ्रीजच्या कप्प्यांवर कॅडमियमचा मुलामा असू शकतो. तो निखाऱ्यावर जाणे म्हणजे वर सांगितलेल्या संकटाला घरी बोलावणे. जाळीसाठी स्टेनलेस स्टील घ्या. ३०४ या जातीत साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ती आंबटाला आणि मिठाला उत्तम टिकते. २०२ ही जात स्वस्त पडते, कारण तिच्यात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते. हे मँगनीजयुक्त मिश्रधातू, फेरोमँगनीज, आपल्या चंद्रपूरच्या कारखान्यातही तयार होते. २०२ ची भांडी घराघरांत आहेत, पण मीठ आणि धूर यांच्यापुढे ती ३०४ इतकी टिकत नाही. लोहचुंबक बहुधा दोन्हींना चिकटत नाही, म्हणून 'चुंबक चिकटला नाही, म्हणजे माल अस्सल' हे दुकानदाराचे म्हणणे अर्धेच खरे. पक्के बिल घ्या आणि त्यावर जात लिहून घ्या.

मग सगळी भट्टीच स्टेनलेसची का करू नये? इथेच या लेखाचा मुद्दा आहे. स्टेनलेस खाणाऱ्याला चांगले, पण वेल्डिंग करणाऱ्याला नाही. त्याच्या धुरात क्रोमियमचे एक घातक रूप आणि निकेल असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकले. यात साध्या पोलादाच्या वेल्डिंगचा धूरही आला. पत्रा निवडताना आपण खाणाऱ्याचा विचार करतो. तो जोडणारा कोणाचा तरी मुलगा असतो, हे विसरतो. म्हणून कोठी काळ्या पत्र्याची करावी, आणि स्टेनलेसची जाळी घडवत न बसता तयार मिळते ती विकत आणून नुसती ठेवावी.

वेल्डिंग उघड्यावर करा. वारा बाजूने वाहील असे उभे राहा, म्हणजे धूर तोंडावर येणार नाही. धुराच्या झोतावर वाकू नका. डोळ्यांना काच, हातात मोजे आणि धुरासाठी योग्य गाळणीचा मुखवटा हवा. गळ्यातला दुपट्टा तोंडाला बांधल्याने हे सूक्ष्म कण अडत नाहीत. दूध प्यायले किंवा गूळ खाल्ला की धूर उतरतो, अशी वेल्डरमंडळींत समजूत आहे. दूध-गूळ खुशाल घ्या, पण ते पोटात जाते आणि धूर फुप्फुसात. एकाने दुसरे धुतले जात नाही.

जवसाचे तेल

काळ्या पत्र्याला गंजापासून वाचवायचा उपाय आपल्या विदर्भातच आहे. लोखंडी कढई किंवा तवा आपण जसा तेल लावून तापवून तयार करतो, तशीच भट्टी तयार करायची. आतून घासून, पुसून, कोरडी करून जवसाच्या खाद्यतेलाचा अगदी पातळ हात फिरवावा आणि दोन-तीन तास जाळ ठेवावा. असे तीन-चार वेळा केले की काळा, टणक थर बसतो. तेल मात्र घाणीवरचे, खाण्याचे हवे. रंगाच्या दुकानात मिळणारे उकळलेले जवसाचे तेल नको, कारण ते लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंची रसायने मिसळतात. बाहेरून उष्णता सोसणारा रंग लावला तरी चालतो. आतून कोणताही रंग नको.

माजरीचा कोळसा चुलीत नको

आमच्या गावाच्या पायाशीच कोळसा आहे. घरोघरी सिगडी पेटते. त्यामुळे भट्टीतही दगडी कोळसा टाकण्याचा मोह होतो. तो टाळा. दगडी कोळशाच्या धुरात गंधकाचे वायू आणि डांबरासारखी द्रव्ये असतात. १७७५ साली पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यचिकित्सकाने धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. कामामुळे कर्करोग होतो, हे दाखवणाऱ्या पहिल्या नोंदींपैकी ती एक. तीच काजळी आपण अन्नावर का बसवावी?

लाकडाचा कोळसा किंवा बाभळीचे वाळलेले लाकूड वापरावे. ओले लाकूड, प्लायवूड आणि रंगवलेले फर्निचर नको. आमचे जंक्शनचे गाव, त्यामुळे रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर कोणाकोणाकडे असतात. ते टिकावेत म्हणून त्यांना क्रिओसोट नावाचे डांबरी तेल पाजलेले असते. ते चुलीतही नको आणि भट्टीतही नको. जंगलातले बिब्ब्याचे लाकूड आणि कुंपणाची कण्हेर यांना तर हातही लावू नका. बिब्ब्याच्या धुरानेसुद्धा अंग सुजते.

मांसाची चरबी निखाऱ्यावर ठिबकली की जो धूर उठतो, त्यातही कर्करोगाला पोषक द्रव्ये असतात. म्हणून अन्न जाळाच्या बरोबर वर न ठेवता बाजूला ठेवावे आणि खाली ठिबक झेलायला थाळी ठेवावी. काळा करपलेला भाग काढून टाकावा. धुरावर टिकवलेले, खारवलेले मांस वारंवार खाणे आतड्याच्या कर्करोगाशी निगडित आहे, हे २०१५ साली त्याच संस्थेने जाहीर केले. सणावाराला खायला हरकत नाही, रोजचा बेत करू नये. कोंबडी आतून ७४ अंशांपर्यंत शिजली पाहिजे. वरून रंग आला म्हणून ती शिजली असे नसते. आपल्या उन्हाळ्यात कच्चे मांस बाहेर तासभरही ठेवू नये.

आणि सर्वांत शेवटी, भट्टी असो वा सिगडी, ती बंद खोलीत नेऊ नका. कुठल्याही कोळशाच्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील प्राणवायूची जागा तो दोनशे पटींहून अधिक जोराने बळकावतो आणि झोपलेला माणूस उठतच नाही. डिसेंबरच्या थंडीत विझत आलेली भट्टी उबेसाठी घरात ओढून दारे लावणे म्हणजे मृत्यूला उशाशी घेणे. धूर दिसत नाही म्हणून निखारा निरुपद्रवी असतो, असे मुळीच नाही.

एक प्रश्न

इटलीतील मोदेना येथील बर्नार्डिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने म्हटले, की रोग्याला जे प्रश्न वैद्य पूर्वापार विचारत आले आहेत, त्यांत आणखी एकाची भर घालावी. तुझा धंदा कोणता? हे मी विद्यार्थी असताना वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. तरी शेजारच्या मुलाला तो प्रश्न विचारायला मला तीन रविवार लागले. त्याची रक्ततपासणी मी दोनदा केली, पण त्याच्या परसात एकदाही डोकावलो नाही. त्या काळात त्याने चौथ्या, पाचव्या रविवारी कॅडमियमची जाळी निखाऱ्यावर ठेवली असती, तर आज हा लेख वेगळ्या शब्दांत लिहावा लागला असता.

मुलाने कूलरचा पत्रा भंगारात दिला. काळा पत्रा आणला, जाडीला पैसे कमी पडले म्हणून कोठी लहान केली. जोडणी उघड्यावर, वाऱ्याकडे बघून, योग्य मुखवटा लावून केली. त्यानंतरच्या रविवारी रात्री मी दवाखान्यात उशिरापर्यंत बसलो होतो. तो आला नाही. सोमवारी सकाळी त्याची आई भेटली. म्हणाली, "काल पोट्टा झोपला ना बापा, घोरत होता." 

आता माझ्या केसपेपरवर नाव आणि वय यांच्या खाली पहिली ओळ असते ती कामाची. ती मी स्वतः भरतो. वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी तुम्ही सांगा. काल शेतात फवारणी केली, विहिरीत उतरलो, बॅटरी उघडली, पत्रा जोडला, जे काही केले असेल ते सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. अर्धे निदान तुमच्या त्या एका वाक्यात असते.